दुसरं इंजिन

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, फेरीबोटीवर चीफ इंजिनियर आहेत. चीफ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरी टोपी आणि खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या येतात. आमचा चीफ तेलाचे डाग पडलेला निळा डगला घालून बोटीच्या पोटात, बिनखिडकीच्या खोलीत दिवस काढतो. कानाला सतत इंजिनाची घरघर, त्यामुळे घरी आल्यावरही ओरडून बोलायची सवय. नुसतं मीठ मागितलं तरी शेजारी दचकतात.

बोटीवर त्यांना जोडसाहेब म्हणतात. हे नाव कोणी पाडलं ते कुणी कबूल करत नाही, पण संशय माझ्यावर आहे आणि तो खरा आहे. या माणसाला कुठलीही गोष्ट एक चालत नाही. खिशात दोन चष्मे, दाराला दोन कड्या, घरात दोन छत्र्या असताना बोटीवर आणखी दोन. घराची एक किल्ली त्यांच्याकडे आणि दुसरी सक्तीने माझ्या पर्समध्ये. मी ताईला म्हणायचे, बायको तेवढी एक कशी चालली गं यांना? ताई म्हणायची, तू आहेस ना घरात तोंड चालवायला.

आहे खरी. माझं लग्न झालं आणि मोडलं, तेव्हा ताईने मागची खोली रिकामी करून दिली आणि भाऊजींनी शब्द टाकून बोटीवरचा चहाचा काउंटर मिळवून दिला. उपकार केले असं त्यांनी कधी जाणवू दिलं नाही, म्हणून मी त्यांची टिंगल करू शकते. तेव्हापासून मी वर चहा ओतते आणि ते खाली इंजिनं चालवतात. या काठावरून त्या काठावर, परत या काठावर. मधे मोकळा समुद्र, आणि शेवटी धक्क्याकडे जाणारी अरुंद उथळ खाडी, जिथे बोटीला गोगलगाय व्हावं लागतं.

जुनी बोट डिझेलची होती. तिच्या धुराड्यातून असा काळा धूर निघायचा की आमची बोट लागली हे लोकांना आधी नाकाने कळायचं. आमचं घर धक्क्यापासून जवळ, त्यामुळे ताईच्या दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसायची. ती चादर झटकायची आणि नवऱ्याकडे बघायची. ते काही बोलायचे नाहीत. आपणच रोज जाऊन घाण करतो आणि ती आपल्याच अंगणात येऊन पडते, यावर माणूस बोलणार तरी काय.

मग ती बोट मोडीत गेली आणि गॅसवर चालणारी नवी आली. गॅस इतका थंड करतात की तो पाण्यासारखा पातळ होतो, आणि मग तो टाकीत भरून ठेवतात. दोन मोठी इंजिनं, शिवाय अडीअडचणीला एक भलीमोठी बॅटरी. धूर नाही, वास नाही. भाऊजी पन्नाशी कधीच ओलांडलेले, पण त्या वर्षी शाळेत बक्षीस मिळाल्यासारखे वागत होते. पाहुणे आले की त्यांना गच्चीत न्यायचे, बोटीच्या धुराड्याकडे बोट दाखवायचे आणि विचारायचे, दिसतोय का काही? पाहुणे म्हणायचे, नाही बुवा. मग ते ताईच्या पांढऱ्या चादरी दाखवायचे. ताई लाजायची. चादरी दाखवायला कोणी पाहुण्यांना गच्चीत नेतं का? पण मी गप्प बसायचे, कारण त्यांना इतकं खूश मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

यंदा कंपनीच्या कचेरीने धुराड्यातून काय बाहेर पडतं ते बघायला मोजणीवाली बाई पाठवली. ताठ चालणारी, जड बूट घातलेली पोरगी, दोन पेट्या भरून यंत्रं. तिला बोट लागायची, म्हणून ती माझ्या काउंटरपाशी लिंबाची फोड चघळत उभी राहायची आणि त्यामुळे आमची गट्टी जमली. तिने धुराड्यात नळी सोडली, वर एक वेगळा कॅमेरा लावला. पहिले काही दिवस भर समुद्रात, इंजिनं जोरात असताना आकडे घेतले. ते चांगले आले. भाऊजींनी मला डोळ्यांनीच सांगितलं, बघ.

पण बाई चिवट होती. ती म्हणाली, आता खाडीतले घेते. आजवर खाडीत कोणी मोजलंच नव्हतं. इतका हळू प्रवास, त्यात मोजायचं काय?

बोट खाडीत शिरली, इंजिनं मंदावली, आणि बाईने आम्हाला कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. धुराड्याच्या तोंडातून मळकट ढग लोंढ्याने बाहेर पडत होता. मी मान वर करून पाहिलं तर नितळ आकाश. पुन्हा पडद्यावर पाहिलं तर ढग. ती म्हणाली, नुसत्या चित्रावर जाऊ नका, चित्रात उष्णताही दिसते. पण नळीचा आकडाही तेच सांगत होता. हा मिथेन होता, म्हणजे टाकीतला गॅसच, इंजिनात न जळता तसाच बाहेर निघालेला. हवेत गेला की तो ऊब धरून ठेवतो, आणि तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट जास्त धरतो. जळलेल्या गॅसपेक्षा न जळलेला वाईट. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे जळत नव्हतं म्हणूनच इतकी वर्षं कुणाला कळलं नव्हतं.

भाऊजींना समजावून सांगायला लागलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, दोन्ही इंजिनं चालू आहेत म्हणून ना? ती हो म्हणाली. घरी त्यांनी ताईला शेगडीपाशी नेऊन हेच सांगितलं. इंजिनावर पुरता भार असला की आतला जाळ कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत पोचतो. खाडीत काम असतं एका इंजिनाचं, तेही अर्ध्या ताकदीचं. ते दोघांना वाटून दिलं की दोन्ही अर्धपोटी, दोन्ही थंड, आणि गॅस कडेकडेने तसाच निसटतो. घरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो म्हणून नाकाला कळतं. आमच्या टाकीतल्याला वास नाही. ताईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग एक बंद करा. भाऊजी शेगडीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी कचेरीनेही तेच कळवलं. खाडीत एक इंजिन बंद ठेवा. चालू इंजिनाने दगा दिला तर दुसरं सुरू होईपर्यंत बॅटरी बोट ओढेल, ती त्यासाठीच बसवली आहे. भाऊजी म्हणाले, "दोन राहतील." कचेरीवाल्यांनी आवाज चढवला, मग उतरवला, मग सांगितलं की मोजणीवाली बाई परत जायच्या आत एका इंजिनावर बोट लागली पाहिजे, नाहीतर खाली दुसरा चीफ येईल. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. तेवढा भाऊजींनी काठावरच्या गोदामात काढावा.

एक बंद करा, हे वाक्य भाऊजींनी पूर्वीही ऐकलं होतं, जुन्या बोटीवर. तेव्हा डिझेल वाचवायचं होतं. ते सेकंड इंजिनियर होते, त्यांनी ऐकलं आणि खाडीत शिरताना एक इंजिन बंद केलं. धक्क्याला पहिला दोर लागला आणि त्याच वेळी दुसरं बंद पडलं. पाण्याच्या ओढीने बोट मागे सरकली, दोर तारेसारखा ताणला आणि तुटला. तुटलेलं टोक उलटं आलं ते एका खलाशाच्या पायावर. गुडघ्याखालून पाय काढावा लागला. भाऊजी खाली इंजिनापाशी होते, त्यांना किंकाळी तेवढी ऐकू आली. मी मात्र काउंटरच्या खिडकीतून बघत होते. तो खलाशी पिवळ्या रेघेच्या अलीकडे, नेमून दिलेल्या जागी उभा होता. उरलेल्या दोराचं वेटोळं त्याच्यापासून लांब, खुंट्यापाशी पडलं होतं. त्याने काहीच चूक केली नव्हती.

चौकशी झाली, हुकूम कचेरीचा होता म्हणून भाऊजींवर ठपका आला नाही. तो त्यांनी स्वतःच ठेवून घेतला. दोन छत्र्या, दोन कड्या, सगळं त्यानंतरचं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमचे भाऊजी पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. खलाशाला कंपनीने धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत बसवलं आणि तो तिकीटमास्तर झाला. पहिल्या फेरीच्या आधी भाऊजी त्या खिडकीपाशी जायचे आणि विचारायचे, बरं आहे ना? तो म्हणायचा, बरं आहे. मग ते खाली जाऊन दोन्ही इंजिनं सुरू करायचे. एवढ्या वर्षांत यात खंड पडल्याचं मला आठवत नाही.

त्या आठवड्यात घर नको झालं. भाऊजी ओरडून बोलायचेही थांबले. ताईने समजूत घातली, मग चिडली. गोदामात बसून वॉशर मोजीन म्हणाले, तर ती म्हणाली, मोजा, दोन दोनदा मोजा. नंतर तिलाच वाईट वाटलं. ती वाळलेल्या चादरी घडी करायला बसली तेव्हा ते शेजारी येऊन बसले.

"म्हणजे मी आयुष्यभर घाणच केली म्हणायची," ते म्हणाले.

"चादरी तरी पांढऱ्या आहेत," ताई म्हणाली.

"चादरीवर दिसत नाही इतकंच."

मला त्यांची दया आली आणि रागही आला. गोष्ट इतकी सोपी होती. एक बटण दाबायचं, वर चाललेलं नुकसान कमी होणार, बॅटरी आहे, धोका नाही. डोक्याला सगळं पटलेलं, हात मात्र त्या बटणापर्यंत जायला तयार नाही. आणि गोदामात गेले असते तर हा माणूस महिन्याभरात म्हातारा झाला असता. इंजिनावाचून त्यांना दुसरं काही येत नाही. एकदा रजा मिळाली तेव्हा त्यांनी घरातला पंखा उघडून ठेवला होता, तो अजून कुरकुरतो.

मधल्या वेळात मी तिकीटमास्तरला चहा नेऊन देते. त्या दिवशी माझं तोंड सुटलं. भरभर सगळं सांगून टाकलं, ढग, कचेरी, गोदाम, शेगडी. त्याने नकली पाय स्टुलावर लांब केला होता.

"म्हणजे जोडसाहेब अजून माझ्या पायापायी दोन इंजिनं चालवतोय?" त्याने विचारलं.

मग काय माझ्यापायी, मी म्हटलं. मला वाटलं आता हा चिडेल, किंवा माझा पाय परत येणार आहे का असं काहीतरी बोलेल. त्याने चहा संपवला, कप पालथा घातला आणि खिडकीशी आलेल्या बाईला तिकीट दिलं. मला उगाच तोंड उघडल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी नेहमीसारखे खिडकीशी गेले. मीही मागोमाग होते, हातात किटली. त्यांनी विचारलं, बरं आहे ना?

"नाही," तिकीटमास्तर म्हणाला.

तिकीटमास्तरने आतून दार उघडलं, त्यांना एकुलत्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला.

"त्या दिवशी माझा पाय वेटोळ्यात होता," तो म्हणाला. "बोट मागे सरकली, दोर पळाला आणि पाय घेऊन गेला. दोर तुटला तो नंतर. बोट मागे सरकायला इंजिन बंदच पडायला हवं असं नाही. ओढ असली की रोजच सरकायची, तुला माहीत आहे. वेटोळ्यात पाय ठेवू नये हे खलाशाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी ठेवला. तुझी चार इंजिनं चालू असती तरी पाय गेलाच असता."

"चौकशीत हे बोलला नाहीस," भाऊजी म्हणाले.

"जो तो इंजिनाचंच विचारत होता. आपला मूर्खपणा आपणहून कोण सांगतं?"

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं तू रोज येतोस, बरं आहे ना विचारतोस, मी बरं आहे म्हणतो. दमलो रे मी आता. एरवी मला पायाची आठवणही नसते. तू आलास की दुखायला लागतो."

हे शेवटचं तो मनापासून बोलला, आवाजावरूनच कळत होतं. पण आधीचं बोलताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं होतं, एवढंसं. मी किटली खाली ठेवली आणि परत उचलली. वेटोळं खुंट्यापाशी होतं. तो रेघेच्या अलीकडे होता. हे त्याला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं एका पायाने चाललेल्या माणसाने आता चूकही स्वतःच्या अंगावर घेतली होती, आणि तीही न केलेली.

भाऊजी बाहेर पडले. बोटीवर आले ते सरळ खाली गेले नाहीत. माझ्या काउंटरपाशी आले. समोर गिऱ्हाइकांची रांग होती. बिस्किटं मागणारा एक गृहस्थ सुटे पैसे हातावर घेऊन उभा होता. भाऊजी त्याच्या शेजारी उभे राहिले आणि, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, हळू आवाजात बोलले.

"त्या दिवशी तू याच बाजूला होतीस. खिडकी उघडी होती तुझी."

होते, मी म्हटलं.

"त्याचा पाय कुठे होता?"

मी बिस्किटांचा पुडा हातात धरून उभी राहिले. मी तशी खोटं बोलणारी नाही. उलट खरं बोलून हात दाखवून अवलक्षण करून घेणारी म्हणून घरात माझी ख्याती आहे. लग्नही त्यापायीच मोडलं असं ताई म्हणते. खरं सांगितलं तर भाऊजी दोन्ही इंजिनं चालू ठेवणार, आठवड्याअखेर गोदामात जाणार, त्यांच्या जागी येणारा एक बंद करणारच. आणि धक्क्यावर तो एक पायाचा माणूस रोज सकाळी पुन्हा बरं आहे म्हणत बसणार. भाऊजी माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळ्यांखाली इतकं काळं पडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

"वेटोळ्यात," मी म्हटलं. "मला तेव्हाच दिसलं होतं. जा आता खाली भाऊजी, गिऱ्हाईक थांबलंय."

ते गेले. मी त्या गृहस्थाला बिस्किटं दिली आणि सुटे पैसे घ्यायला विसरले.

समुद्र ओलांडून बोट खाडीत शिरली. वेग उतरला. मी कप विसळत होते. पायाखालची घरघर एकाएकी पातळ झाली, फळीवरच्या कपांचा किणकिणाट निम्म्याने थांबला. कुणाचं लक्षही गेलं नाही. एक बाई मुलाला कोट घालत होती, दोघेजण खुर्चीवरून वाद घालत होते. बोट हळूहळू सरकत राहिली, धक्का जवळ आला, दोर गेला, खुंट्यावर बसला, ताणला आणि तसाच राहिला. मोजणीवाली बाई वरून पळत आली. मिथेन निम्म्याहूनही खाली आला होता, आणि ते तिला ताबडतोब चीफना सांगायचं होतं. मी म्हटलं, राहू दे गं, त्यांना कळलंय.

उतारू गेल्यावर भाऊजी वर आले, रिकाम्या बाकावर बसले आणि चहा मागितला. मी कप घेऊन गेले तोवर बसल्या जागी झोपले होते, तोंड उघडं टाकून. परतीच्या फेरीला भोंगा झाला तेव्हाच उठवलं.

आता खाडीत रोज एकच इंजिन चालतं. कचेरीने भाऊजींना पत्र दिलं, ते ताईने कपाटात ठेवलं आहे. भाऊजी तिकीटखिडकीशी अजून जातात, पण मन होईल तेव्हा, आणि दोघं गुडघ्यांबद्दल, पगाराबद्दल, आपापल्या बायकांबद्दल बोलतात. घरात भाऊजी पुन्हा ओरडून मीठ मागतात. ताई मला विचारते, इतके सुधारले कसे गं हे? मी म्हणते, वय झालं.

तिकीटमास्तर आणि मी त्यावर एकदाच बोललो. चहाचा कप परत देताना तो म्हणाला, तुला दिसलं होतं ना? काय, असं मी विचारलं. तो हसला आणि पुढच्या माणसाला तिकीट द्यायला लागला.

बॅटरीचं मोजणीवाल्या बाईने जाण्यापूर्वी मला दोनदा समजावून सांगितलं, आणि ते मला कळलंय. त्या दिवशी इंजिन बंद पडल्यामुळेच एका निर्दोष माणसाचा पाय गेला होता, हे मात्र या बोटीवर आता मला एकटीलाच माहीत आहे. भाऊजी खाली निवांत असतात. खाडीत दुसरं इंजिन थांबलं की मी गिऱ्हाइकाला म्हणते, जरा थांबा हं. आणि दोर लागेपर्यंत काउंटरची कड धरून उभी राहते.